जीएनयू फ्री डॉक्युमेंटेशन लायसन्स १.३ : एका मराठी पुस्तिकेवर वापरून पाहिलेला परवाना

तंत्रनिकेतनातील विद्यार्थ्यांसाठी आम्ही चौघांनी मिळून बॅश (टंकून दिलेल्या आज्ञा चालवणारा प्रोग्राम), कोअरयुटिल्स (फायली हाताळण्याच्या मूलभूत आज्ञांचा संच) आणि जीडीबी (प्रोग्रामातील चुका शोधण्याचे साधन) या जीएनयू प्रकल्पाच्या प्रोग्रामांची ओळख करून देणारी ४८ पानांची मराठी पुस्तिका तयार केली. मजकूर लिहिण्यास जेवढे दिवस लागले त्याच्या जवळजवळ निम्मे दिवस मुखपृष्ठामागील पानावर परवान्याच्या कोणत्या ओळी छापायच्या, हे ठरवण्यात गेले. पुस्तिकेचा बराचसा भाग मूळ इंग्रजी मॅन्युअलांवरून अनुवादित होता आणि ती तिन्ही मॅन्युअले जीएनयू फ्री डॉक्युमेंटेशन लायसन्स, म्हणजे जीएफडीएल, या परवान्याखाली उपलब्ध आहेत. त्यामुळे निवड फारशी आमच्या हातात नव्हतीच. दोन आवृत्त्या काढून झाल्यावर मात्र या परवान्याचे गुणदोष अंगवळणी पडले आहेत आणि एखादे यंत्र काही महिने वापरल्यावर त्याविषयी लिहावे तसे याविषयीही लिहिता येईल, असे वाटते. परवाना ही नुसती वाचायची नव्हे, वापरायची वस्तू आहे; ती कुठे बोचते हे वापरल्याशिवाय कळत नाही.

प्रोग्राम मुक्त, म्हणजे वापरायला, बदलायला आणि वाटायला खुला, असला की त्याचे मॅन्युअलही आपोआप मुक्त असते, असा समज आपल्याकडे सर्रास आढळतो आणि तो चुकीचा आहे. मायएसक्यूएल हा डेटाबेस जीएनयू जनरल पब्लिक लायसन्स, म्हणजे जीपीएल, या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याखाली मिळतो, पण त्याचे संदर्भ-मॅन्युअल जीपीएलखाली वितरित केलेले नाही, असे त्या मॅन्युअलातच स्पष्ट लिहिलेले आहे आणि छापील प्रत काढण्याची मुभा केवळ व्यक्तिगत वापरापुरती आहे. २०१३ मध्ये तर याच डेटाबेसच्या मॅन-पानांवरील (प्रोग्रामासोबत येणाऱ्या छोट्या मदत-पानांवरील) जीपीएलची ओळ एका आवृत्तीत नाहीशी होऊन तिथे हक्क राखून ठेवणारी भाषा आली होती. मायएसक्यूएलपासूनच फुटून निघालेल्या मारियाडीबीच्या मंडळींनी ते उघडकीस आणल्यावर, बिल्ड करताना, म्हणजे वितरणासाठी प्रत तयार करताना, झालेली ती चूक होती असे सांगून मायएसक्यूएलची मालक कंपनी ओरॅकलने पूर्वीचा परवाना परत आणला. चूक प्रामाणिक असेलही, पण मॅन्युअलाचे स्वातंत्र्य एका ओळीवर कसे लटकलेले असते ते त्यातून नीट दिसले. आपल्या १९५७ च्या प्रताधिकार कायद्यानुसार अनुवादाचा हक्क मूळ हक्कधारकाकडेच असतो आणि लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे प्रताधिकार टिकतो. तेव्हा परवान्याची ओळ नसलेले मॅन्युअल इंटरनेटवर कितीही उघडे पडलेले असले तरी त्याचा मराठी अनुवाद करून वर्गात वाटणे ही परवानगी मागूनच करण्याची गोष्ट ठरते.

जीएफडीएलची पहिली प्रसिद्ध आवृत्ती १.१ ही मार्च २००० मधली, १.२ ही नोव्हेंबर २००२ मधली आणि सध्याची १.३ ही नोव्हेंबर २००८ मधली आहे. जीएनयू प्रकल्पामागची संस्था असलेल्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने तो मुख्यतः मॅन्युअलांसाठी तयार केला आणि त्याचा गाभा जीपीएलसारखाच आहे : मजकूर कोणीही वापरावा, बदलावा, विकावासुद्धा, मात्र बदललेली प्रत त्याच परवान्याखाली पुढे द्यावी. प्रोग्रामात बदल करणाऱ्याला मॅन्युअलातही बदल करता आला नाही तर बदललेल्या प्रोग्रामाला जुने, खोटे पडलेले मॅन्युअल जोडण्याची पाळी येते, हा यामागचा विचार मला पूर्णपणे पटतो आणि इथवर या परवान्याविषयी माझी काहीही तक्रार नाही.

तक्रार सुरू होते ती तीन रिकाम्या जागांपासून. जीएफडीएल लागू करताना एक ठरावीक सूचना छापायची असते आणि तीत तीन गोष्टी भरायच्या असतात : कोणते विभाग अपरिवर्तनीय आहेत, मुखपृष्ठावर कोणते शब्द सक्तीचे आहेत आणि मलपृष्ठावर कोणते. मुखपृष्ठासाठी जास्तीत जास्त ५ शब्द आणि मलपृष्ठासाठी २५ शब्द एवढी मर्यादा आहे; अपरिवर्तनीय विभागांना मात्र लांबीची मर्यादा नाही, फक्त ते मॅन्युअलाच्या मुख्य विषयाबाहेरचे असले पाहिजेत. बॅश आणि कोअरयुटिल्स यांच्या मॅन्युअलांत या तिन्ही ठिकाणी ‘नाही’ असे लिहिलेले आहे. आमच्या पुस्तिकेची पहिली ३१ पाने त्यामुळे विनासायास झाली. आम्ही वाक्ये तोडली, उदाहरणांतील फायलींची नावे बदलून ‘हजेरी’ आणि ‘गुणपत्रिका’ अशी ठेवली, विद्यार्थ्यांना न लागणारे पर्याय गाळले आणि कशालाही कोणाची हरकत असण्याचे कारण नव्हते.

जीडीबीच्या मॅन्युअलाशी आल्यावर गाडी अडली. त्या मॅन्युअलात दोन विभाग अपरिवर्तनीय म्हणून जाहीर केलेले आहेत आणि त्यांपैकी एकाचे शीर्षक, गंमत पाहा, मुक्त सॉफ्टवेअरला मुक्त दस्तऐवजीकरणाची गरज आहे, असेच आहे. मुखपृष्ठावर ते ‘एक जीएनयू मॅन्युअल’ असल्याचे तीन इंग्रजी शब्द हवेत आणि मलपृष्ठावर, हे मॅन्युअल तुम्ही मोकळेपणाने नकलू आणि बदलू शकता व जीएनयू प्रेस या फाउंडेशनच्या प्रकाशन-शाखेकडून प्रती विकत घेतल्यास फाउंडेशनच्या कार्यास हातभार लागतो, अशा अर्थाचा मजकूर हवा. आम्हाला त्या जाडजूड मॅन्युअलातील ब्रेकपॉइंट (प्रोग्राम मध्येच थांबवण्याची जागा), बॅकट्रेस (तिथवर पोहोचलेल्या फंक्शनांची साखळी) आणि चलांच्या किमती पाहणे एवढाच भाग हवा होता, तो मराठीत मिळून १७ पानांचा होत होता. पण परवान्याच्या दृष्टीने तुकडा काढणे आणि अनुवाद करणे हे दोन्ही ‘बदल’च असल्यामुळे, तुकडा कितीही छोटा असला तरी ते दोन्ही विभाग त्याच्यासोबत जसेच्या तसे जाणे भाग आहे. अपरिवर्तनीय विभागांच्या जागी त्यांचा अनुवाद ठेवायचा तर हक्कधारकांची खास परवानगी लागते. मूळ इंग्रजी ठेवून शेजारी मराठी दिले तरच परवानगीशिवाय चालते. म्हणजे सी ही प्रोग्रामिंगची भाषा शिकणाऱ्या, आणि इंग्रजीच्या धास्तीमुळेच मराठी पुस्तिका हाती घेतलेल्या मुलाच्या पुस्तिकेत अडीच पाने इंग्रजी वैचारिक लेखन हे सक्तीने आले.

पहिल्या आवृत्तीत आम्ही हे सगळे इमानेइतबारे पाळले. १२० प्रती काढल्या. मुखपृष्ठावरच्या इंग्रजी शब्दांकडे बोट दाखवून संगणक विभागातील एका शिक्षिकाबाईंनी, ‘मग मराठी पुस्तिका कुठली?’ असे विचारले आणि मलपृष्ठ वाचून दोन विद्यार्थ्यांनी पुस्तिका परत आणून दिली, कारण ती जीएनयू प्रेसकडून विकत घ्यायची असते असे त्यांना वाटले. आम्ही ती फुकट वाटत होतो. पृष्ठांवरील सक्तीच्या मजकुराची अट १०० हून अधिक छापील प्रतींना लागू होते, हे तेव्हा आमच्यापैकी एकाच्या लक्षात आले आणि नेमक्या १०० प्रतींवर थांबण्याची सूचनाही त्याने केली होती. पण वर्गात ११४ मुले होती.

फाउंडेशनची बाजू इथे नीट मांडली पाहिजे. तिचे म्हणणे असे की तांत्रिक मजकूर बदलता आलाच पाहिजे, परंतु एखाद्याचे मत, जाहीरनामा किंवा भूमिका बदलण्याचे स्वातंत्र्य हे मॅन्युअल उपयोगात आणण्यासाठी आवश्यक नाही, आणि म्हणूनच असे विभाग फक्त ‘दुय्यम’ असतील तरच अपरिवर्तनीय ठरवता येतात. हा युक्तिवाद पूर्ण मॅन्युअल पूर्णपणे छापणाऱ्याच्या बाबतीत टिकतो. पण मॅन्युअल वापरणारा माणूस ते क्वचितच पूर्ण छापतो. तो त्यातून दोन पाने काढतो, भिंतीवर लावायला तक्ता करतो, स्वतःच्या प्रोग्रामाच्या मदत-पानात परिच्छेद घेतो. अपरिवर्तनीय विभागाला बदलण्याची मनाई आहे यापेक्षा तो काढून टाकण्याची मनाई आहे, ही गोष्ट मला अधिक गंभीर वाटते. शिवाय असे दोन ग्रंथ एकत्र केले तर दोघांचेही अपरिवर्तनीय विभाग एकत्रित प्रतीत जमा होतात. लग्नाच्या आहेरासारखे ते नुसते वाढतच जातात, परत करता येत नाहीत.

याच मुद्द्यावर, लिनक्सचे एक वितरण तयार करणाऱ्या डेबियन प्रकल्पाने मार्च २००६ मध्ये मतदान घेऊन जो निर्णय दिला तो मला आजही या परवान्याचा सर्वांत नेमका निकाल वाटतो. ज्या मॅन्युअलांत न बदलता येणारे विभाग नाहीत ती जीएफडीएलखाली असली तरी मुक्त मानावीत आणि ज्यांत ते आहेत ती मानू नयेत, असे त्यांनी ठरवले. परिणाम असा झाला की जीडीबी हा प्रोग्राम डेबियनच्या मुख्य विभागात आणि त्याचे मॅन्युअल ‘नॉन-फ्री’ विभागात; जीसीसी या कंपायलरचेही तसेच, ईमॅक्स या मजकूर-संपादकाचेही तसेच. नवखा माणूस डेबियन बसवतो, इन्फो हा मॅन्युअल वाचण्याचा प्रोग्राम उघडतो आणि मॅन्युअल सापडत नाही म्हणून गोंधळतो. मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ जिथून सुरू झाली त्या संस्थेची मॅन्युअले मुक्त सॉफ्टवेअरविषयी काटेकोर समजल्या जाणाऱ्या वितरणात दाराबाहेर उभी आहेत. यात हसण्यासारखे काही नाही, पण हसू येते खरे.

आता एक अशी अट, जिच्यामुळे मी या परवान्याचे मनापासून आभार मानले. १०० हून अधिक छापील किंवा अन्य ‘अपारदर्शक’ प्रती वाटायच्या असतील तर प्रत्येक प्रतीसोबत यंत्राला वाचता येईल अशी ‘पारदर्शक’ प्रत द्यावी लागते, किंवा ती जिथे मिळेल त्या ठिकाणाचा पत्ता छापावा लागतो. पारदर्शक म्हणजे ज्याचे स्वरूप सर्वांना उपलब्ध असलेल्या विनिर्देशाप्रमाणे आहे आणि जी साध्या मजकूर-संपादकात उघडून सुधारता येते, अशी फाइल. आमच्या मुद्रकाने पुस्तिका युनिकोडच्या, म्हणजे सर्व लिप्यांसाठीच्या सामाईक अक्षर-संकेताच्या, आधीच्या काळातील फाँटात जुळवली होती, जशी मराठीतील कितीतरी नियतकालिके आणि पाठ्यसाहित्य आजही जुळवले जाते. छापलेले पान सुरेख दिसत होते. पण फाइल संपादकात उघडली तेव्हा ‘ब्रेकपॉइंट’ या शब्दाच्या जागी रोमन अक्षरे, डॉलरचे चिन्ह आणि दोन स्वल्पविराम असा ऐवज दिसला. तो फाँट ज्याच्याकडे नाही त्याला त्या फाइलचा काडीचाही उपयोग नव्हता. परवान्याच्या व्याख्येत ही फाइल बसत नाही, एवढे एकच कारण पुढे करून आम्ही संपूर्ण मजकूर युनिकोडमध्ये आणून घेतला. रूपांतर करणाऱ्या साधनाने रफार आणि पहिली वेलांटी ठिकठिकाणी चुकवली होती, ती दुरुस्त करण्यात तीन रविवार गेले. परवान्यात योग्य स्वरूपांच्या उदाहरणांत सर्वप्रथम साधी आस्की (रोमन अक्षरांपुरता जुना संकेत) फाइल दिलेली आहे, जिच्यात देवनागरीचा ‘क’सुद्धा मावत नाही, परंतु ती केवळ उदाहरणे असल्याने यूटीएफ-८ या युनिकोडच्या रूपातील मजकूर निर्धास्तपणे चालतो. लेखन, चित्रे वगैरेंसाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या क्रिएटिव्ह कॉमन्सच्या (सीसी) परवान्यांत ही अट नाही. तिथे नुसती पीडीएफ दिली तरी नियम पाळला जातो, आणि मराठी मजकुराच्या बाबतीत नुसती पीडीएफ म्हणजे बहुधा कुलूपबंद कपाट.

लांबी हा मात्र उघड दोष आहे. परवान्याचा पूर्ण इंग्रजी मजकूर प्रत्येक प्रतीत असावा लागतो. मराठी अनुवाद जोडण्यास मनाई नाही, पण मूळ इंग्रजी सोबत हवेच आणि दोहोंत विसंगती आढळल्यास मूळच प्रमाण. आमच्या मांडणीत तो आठ पानांचा झाला. ४८ पानांच्या पुस्तिकेला हे सोसते. आज्ञांचा एकपानी तक्ता करून प्रयोगशाळेत लावायचा विचार आम्ही सोडून दिला, कारण एक पान मजकूर आणि आठ पाने परवाना हे कोणत्याही फलकावर शोभले नसते. त्याशिवाय शीर्षक मूळ मॅन्युअलापेक्षा वेगळे ठेवणे, मूळच्या प्रमुख लेखकांपैकी किमान पाच जणांची नावे शीर्षकपानावर देणे, ‘इतिहास’ नावाच्या विभागात आपली नोंद जोडणे आणि तो नसल्यास तयार करणे, अशी कामे आहेत. बदल करण्याविषयीच्या कलमात इंग्रजी ए पासून ओ पर्यंत पंधरा उपकलमे आहेत. एकेक पाहता प्रत्येक उपकलम रास्त आहे, पण पंधरा मिळून ते एखाद्या सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या उपविधींसारखे वाटतात.

प्रोग्रामाशी नाते जुळवताना येणारी अडचण त्याहून खोल आहे. जीएफडीएल आणि जीपीएल हे एकाच घरातील दोन परवाने असूनही परस्परांशी सुसंगत नाहीत : मॅन्युअलातील परिच्छेद उचलून जीपीएल प्रोग्रामाच्या मदत-मजकुरात टाकता येत नाही आणि प्रोग्रामातील टिपणी उचलून मॅन्युअलातही घालता येत नाही. हक्कधारक स्वतः दोन्हीकडे हवे ते करू शकतो. अडतो तो तिसरा माणूस, म्हणजे तुम्ही-आम्ही. उदाहरणादाखल दिलेल्या प्रोग्रामांसाठी परवान्याच्या परिशिष्टातच सल्ला आहे की ती उदाहरणे जीपीएलसारख्या सॉफ्टवेअर-परवान्याखालीही समांतर द्यावीत. हा सल्ला फार मोलाचा आहे आणि फार थोडे लोक तो पाळतात. पायथन या प्रोग्रामिंग-भाषेने आवृत्ती ३.८.६ पासून दस्तऐवजांतील उदाहरणे शून्य-कलमी बीएसडी या जवळजवळ बिनशर्त परवान्याखालीही खुली केली, हे याच जातीचे शहाणपण. पोस्टग्रेस या डेटाबेसने तर प्रश्नच ठेवला नाही; प्रोग्राम आणि मॅन्युअल दोन्ही एकाच परवान्याखाली. लहान प्रकल्प सुरू करणाऱ्याने मला विचारले तर मी हाच मार्ग सांगेन : जो परवाना प्रोग्रामाला, तोच मॅन्युअलाला, मग मजकूर इकडून तिकडे नेताना वकिलाची आठवण होत नाही.

क्रिएटिव्ह कॉमन्सच्या बाय-एसए ४.० (बाय म्हणजे श्रेय देणे, एसए म्हणजे त्याच परवान्याखाली पुढे देणे) कडे आज बहुतेकांचा ओढा आहे आणि तो का, हे समजण्यासारखे आहे : श्रेय द्यावे, दुवा द्यावा, बदल केल्याचे सांगावे आणि त्याच परवान्याखाली पुढे द्यावे, एवढ्यात काम होते. लिबरऑफिस या मुक्त कार्यालयीन प्रोग्राम-संचाच्या मार्गदर्शिका जीपीएल किंवा सीसी बाय अशा दुहेरी परवान्याखाली आहेत. मुंबईच्या आयआयटीतील स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे धडे सीसी बाय-एसए ४.० खाली असून त्यांपैकी कित्येक मराठीत ऐकता येतात. अशा एखाद्या धड्यातील दोन मिनिटांचा भाग तोडून वर्गात वापरताना सोबत आणखी काही ओढून न्यावे लागत नाही, हे मी स्वतः अनुभवले आहे. २०१५ पासून बाय-एसए ४.० खालील मजकूर जीपीएल ३ मध्ये नेताही येतो, उलट दिशेने मात्र नाही. इथे एक धोक्याचा कंदील दाखवणे आवश्यक आहे. ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’ हे नाव सहा वेगवेगळ्या परवान्यांवर असते आणि त्यांतील व्यापारी वापरास मनाई करणारे एनसी व बदलास मनाई करणारे एनडी हे प्रकार मुक्त नाहीत. शिक्षणासाठी म्हणून भाबडेपणाने एनसी निवडणारे लेखक मी अनेक पाहिले आहेत. झेरॉक्सच्या दुकानदाराने त्यांच्या टिपणांच्या प्रती काढून पाच रुपये नफ्याने विकल्या तर तो परवान्याचा भंग ठरू शकतो, हे त्यांच्या ध्यानीमनी नसते, आणि खेड्यातील विद्यार्थ्यापर्यंत टिपणे पोहोचतात ती त्याच दुकानातून.

जीएफडीएलपासून दूर जाण्याचे सर्वांत मोठे उदाहरण विकिपीडियाचे आहे आणि त्यात मराठी विकिपीडियाही आला. २००३ मध्ये सुरू झाल्यापासून त्यावरील लेखन जीएफडीएलखाली होत होते; आवृत्ती १.३ मध्ये सामूहिक संपादनाच्या संकेतस्थळांसाठी १ ऑगस्ट २००९ पर्यंतची एक खिडकी मुद्दाम उघडली गेली आणि जून २००९ मध्ये विकिपीडिया तिच्यातून सीसी बाय-एसए ३.० कडे गेला. हे शक्य झाले, कारण मूळ सूचनेत ‘१.२ किंवा त्यानंतरची कोणतीही आवृत्ती’ असे शब्द होते. हे चार-पाच शब्द गाळणाऱ्याने स्वतःच्या मजकुराची पुढची वाट बंद केली असे समजावे. ती खिडकी आता बंद आहे. त्यामुळे केवळ जीएफडीएलखाली असलेला आमचा बॅशचा मजकूर विकिपीडियाच्या कुठल्याही भावंड-प्रकल्पावर आज चढवता येत नाही, याची मला खंत आहे.

दुसऱ्या आवृत्तीत आम्ही जीडीबीचे प्रकरण मूळ मॅन्युअल बंद ठेवून, प्रत्यक्ष प्रोग्राम चालवत, नव्याने लिहिले. शून्याने भागाकार करणारा अकरा ओळींचा सी प्रोग्राम घेतला, तो कोसळू दिला आणि पडद्यावर जे दिसले ते क्रमाने समजावून सांगितले. प्रकरण १७ वरून १२ पानांवर आले आणि, माझ्या मते, सुधारले. ते प्रकरण आमचे स्वतःचे असल्याने जीएफडीएलबरोबर सीसी बाय-एसए ४.० खालीही दिले, उदाहरणांना जीपीएलही लावला. अनुवादित प्रकरणे जीएफडीएल १.३ किंवा त्यानंतरच्या आवृत्तीखालीच राहिली, तिन्ही रिकाम्या जागांत ‘नाही’ असे लिहून. मुखपृष्ठावर आता फक्त मराठी आहे. १५० प्रती काढल्या आणि पारदर्शक प्रतीचा पत्ता शेवटच्या पानाच्या तळाशी छापला. त्या आवृत्तीची शेवटची अपारदर्शक प्रत दिल्यानंतर किमान एक वर्ष तो पत्ता चालू राहिला पाहिजे, अशी अट आहे. कपाटात अजून २३ प्रती शिल्लक आहेत, म्हणजे ते वर्ष मोजायला अजून सुरुवात व्हायची आहे आणि संकेतस्थळाच्या नावाचे पैसे यंदाही मीच भरले आहेत.